रिठ्याच्या पाण्यातली गिनी

माझ्या संग्रहातले पहिले नाणे आजीने दिलेले होते आणि ते मी स्वतःच्या हातांनी बिघडवले. २००४ साली लग्नानंतर इंग्लंडला निघण्याच्या आदल्या रात्री तिने कोल्हापूरच्या घरातल्या कपाटातून एक पितळी डबी काढली, सराफाच्या गुलाबी कागदाची घडी उलगडली आणि एक गिनी माझ्या तळहातावर ठेवली. ती तिला तिच्या सासूने दिली होती. घरातल्या बाकीच्या गिन्यांना केव्हाच कड्या लागून त्या माळेत गेल्या होत्या. ही एकच सुटी राहिली होती, कारण ती अडीनडीला मोडण्यासाठी बाजूला ठेवलेली होती आणि तशी वेळ सुदैवाने कधी आली नव्हती. ‘मोडू नको गं, आणि मोडायचीच वेळ आली तर वजन डोळ्यांसमोर करून घे,’ एवढेच आजी म्हणाली.

तीन-चार वर्षांनी, रेडिंगमधल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायला ती मी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावरच्या पाचव्या जॉर्ज राजाच्या दाढीच्या रेषांमध्ये आणि अक्षरांच्या बुडाशी काळपट तांबूस छटा साठलेली दिसली. आमच्याकडे सोने रिठ्याच्या पाण्यात धुतात. आई धुते, आजी धुवायची, तिच्या आधीच्याही बायका तसेच धूत असणार. मी रिठे कोमट पाण्यात भिजवून फेस केला, गिनी त्यात बुडवली, मऊ ब्रशाने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासल्या आणि मलमलीच्या कापडाने पुसून कोरड्या केल्या. ती लखलखली. त्या संध्याकाळी समईच्या उजेडात ताटातली ती गिनी पाहून मला फार समाधान वाटले होते.

मी काय केले होते, ते कळायला २०१० साल उजाडावे लागले. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात एका हॉटेलात नाण्यांचा मेळा भरतो. तेथे एका वयस्कर व्यापाऱ्याला मी ती गिनी दाखवली. त्यांनी ती कडेने, दोन बोटांच्या चिमटीत धरली, दिव्याखाली तिरपी केली, सावकाश फिरवली आणि दहा सेकंदांत मला विचारले, ‘हे कोणी धुतले?’ मी सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या तबकातले त्याच राजाचे दुसरे एक नाणे माझ्या हातात दिले आणि दोन्ही आळीपाळीने दिव्याखाली फिरवायला सांगितले. त्यांच्या नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे मध्यापासून कडेपर्यंत पसरलेले होते आणि नाणे फिरवले की ते चाकाच्या आऱ्यांसारखे फिरत होते. माझ्या नाण्यावर सगळीकडे सारखीच चकाकी होती आणि त्या चकाकीत, नीट पाहिल्यावर, केसांहून बारीक अशा शेकडो समांतर रेघा दिसत होत्या, सगळ्या माझ्या ब्रशाच्या दिशेने गेलेल्या.

त्या फिरणाऱ्या उजेडाचे कारण मला नंतर समजले आणि ते समजल्यावरच मी खऱ्या अर्थाने या छंदात पडले. नाणे पाडताना सोन्याची कोरी चकती दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाखाली चिरडली जाते. त्या क्षणी धातू मध्यापासून कडेकडे अक्षरशः वाहतो, आणि त्या वाहण्याच्या सूक्ष्म रेषा नाण्याच्या पृष्ठभागावर कायमच्या उमटतात. डोळ्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत, पण त्यांच्यावरून परावर्तित होणारा उजेड दिसतो, आणि तीच नव्या नाण्याची मूळ झळाळी. बावीस कॅरट सोने मऊ असते. ब्रशाच्या दहा-वीस फेऱ्या त्या रेषा मोडून टाकायला पुरेशा आहेत, आणि एकदा मोडलेल्या रेषा कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. दागिना घासून उजळतो, कारण दागिन्याचे रूप सोनाराने घासूनच घडवलेले असते. नाण्याचे तसे नाही, आणि घरातल्या सोन्याच्या सवयी मी नाण्यावर चालवल्या, हीच माझी चूक.

माझी ती गिनी १९१८ सालची आहे, आणि ती साधी नाही. काट्याच्या बाजूला घोड्याच्या मागच्या पायांजवळ, सालाच्या नेमके वर, जमिनीच्या रेषेत एक बारीकसा ‘आय’ आहे. तो इंडियाचा आय. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोने आणणे-नेणे धोक्याचे झाले, इकडे हिंदुस्थानात नाण्याची टंचाई होती, म्हणून लंडनच्या शाही टांकसाळीने मुंबईच्या टांकसाळीत आपली एक शाखा उघडली. लंडनहून सॉव्हरिनचे, म्हणजे आपण गिनी म्हणतो त्याच ब्रिटिश सोन्याच्या नाण्याचे, ठसे येईपर्यंत तिथे त्याच वजनाची आणि त्याच कसाची पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर पाडली गेली. मग ऑगस्ट १९१८ पासून सॉव्हरिन पडू लागली, आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये शाखा बंदही झाली. या अल्प काळात पडलेल्या नाण्यांची संख्या सुमारे तेरा लाख, आणि सगळ्यांवर एकच साल, १९१८. मुंबईत पडलेली ब्रिटिश सॉव्हरिन त्यापूर्वी नव्हती. त्यानंतर थेट २०१३ साली शाही टांकसाळीच्या परवान्याने भारतात पुन्हा सॉव्हरिन पडू लागल्या आणि त्यांच्यावरही तोच आय आला.

इथे शब्दाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आपण जिला गिनी म्हणतो, ती मुळात गिनी नव्हेच. खरी गिनी इंग्लंडमध्ये १६६३ साली सुरू झाली. पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून आलेल्या सोन्यामुळे तिला ते नाव पडले, आणि ज्या गिन्यांचे सोने आफ्रिकेत व्यापार करणाऱ्या कंपनीने पुरवले होते, त्यांच्यावर राजाच्या मुखवट्याखाली एक चिमुकला हत्ती असे. त्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही होती, हे तो हत्ती पाहताना विसरता येत नाही. दुसऱ्या जॉर्जच्या काही गिन्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची आद्याक्षरे आहेत, कारण त्यांचे सोने त्या कंपनीने टांकसाळीला दिले होते. १७१७ साली, आयझॅक न्यूटन टांकसाळीचा प्रमुख असताना, गिनीची किंमत एकवीस शिलिंग ठरली, आणि १८१४ मध्ये ती पाडणे थांबले. तिच्या जागी आलेले वीस शिलिंगांचे सुटसुटीत नाणे म्हणजे सॉव्हरिन. हे नाव सातव्या हेन्रीच्या १४८९ सालच्या मोठ्या सोन्याच्या नाण्यापासून चालत आलेले, पण आजचे नाणे १८१७ चे: व्यास सुमारे बावीस मिलिमीटर, वजन ७.९८८ ग्रॅम, त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. १८९९ पासून ते हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चलन झाले. नाव मात्र आपल्या तोंडी जुनेच राहिले, आणि सराफाच्या पेढीवर आजही गिनी म्हणजे आठ ग्रॅम.

घोडेस्वाराची ती आकृती बेनेदेत्तो पिस्त्रुची या रोममध्ये जन्मलेल्या कोरक्याने केली. संत जॉर्ज अजगरावर चालून गेला आहे, अंगावर फक्त शिरस्त्राण, झगा आणि पायांत बूट. घोडा मागच्या पायांवर उसळला आहे. १८१७ च्या नाण्यात त्याच्या हाती मोडका भाला होता; १८२१ पासून तिथे आखूड तलवार आली आणि भाल्याचा तुकडा जमिनीवर पडला. चार-पाच वर्षांत कलावंताने स्वतःच्या रचनेतला हा तपशील बदलला, आणि त्यानंतर दोनशे वर्षांत कोणाला फारसे काही बदलावेसे वाटले नाही. मला ही रचना आजही थक्क करते. बावीस मिलिमीटरच्या वर्तुळात इतकी गती मावते, आणि तरीही कुठे दाटी वाटत नाही.

ती गिनी मी अखेर ग्रेडिंगसाठी, म्हणजे तज्ज्ञांकडून तिची श्रेणी ठरवून घेण्यासाठी, पाठवली. निकाल काय येणार हे माहीत असूनही पाठवली, कारण मला तो लेखी हवा होता. कठीण प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, म्हणजे संग्राहक जिला स्लॅब म्हणतात तीत, ती परत आली. चिठ्ठीवर अंक नव्हता. ‘यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड’ एवढेच शब्द होते. याचा अर्थ असा की नाणे वापरात कधी आलेच नव्हते, त्यावर झिजेची एकही खूण नव्हती, पण ते घासले गेल्यामुळे त्याला श्रेणी देता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुलाबी कागदात जपलेल्या वस्तूबद्दलचे ते तीन शब्द वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून होते.

या श्रेणीच्या अंकांविषयी ब्रिटिश संग्राहकांमध्ये दोन तट आहेत. जुन्या पद्धतीत शब्द असतात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन, अनसर्क्युलेटेड, आणि सर्वोत्तमासाठी एफडीसी हा फ्रेंचमधून घेतलेला शब्द. व्यापारी नाणे हातात घेऊन शब्द उच्चारतो, ग्राहक मान हलवतो किंवा घासाघीस करतो, आणि व्यवहार दोघांच्या नजरेच्या बळावर होतो. अंकांची पद्धत अमेरिकेची आहे. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली. तिच्यामागचा हेतू किमतीचा होता: सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे. किमतीचे ते गणित लवकरच कोलमडले, पण मोजपट्टी उरली. १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकन कंपन्यांनी तटस्थ श्रेणी देण्याचे आणि नाणे पेटीत बंद करण्याचे काम सुरू केले, आणि आता सॉव्हरिनच्या बाजारातही एमएस ६३, एयू ५८ हीच भाषा ऐकू येते. साठपासून पुढचे अंक (एमएस) न वापरलेल्या नाण्यांचे, पन्नास ते अठ्ठावन्न (एयू) किंचित वापरलेल्यांचे.

मला ही पद्धत पटते, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नव्हे. अंकामुळे विक्री सोपी होते हे खरे. मला त्यात फारसा रस नाही. माझ्या लेखी त्या पेटीचे मोल एकाच गोष्टीत आहे: ती झीज आणि घासणे यांत फरक करते. एखादे नाणे पन्नास वर्षे लोकांच्या खिशांतून, गल्ल्यांतून, दुकानांच्या फळ्यांवरून फिरून झिजले असेल, राणीच्या कानावरचे केस सपाट झाले असतील, तर त्याला पस्तीस मिळतील, चाळीस मिळतील, पण अंक मिळेल. आणि कधीही न वापरलेले नाणे कोणी चकाकी आणण्यासाठी एकदाच पुसले असेल, तर त्याला अंक मिळणार नाही. हा न्याय कडक आहे. माझ्या आजीच्या गिनीला तो लागू झाला तरीही तो मला योग्यच वाटतो.

झिजेविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला माणूस तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस तपासण्याचे काम करत होता. इंग्लंडला परतल्यावर १८६८ साली त्याने देशभरातल्या बँकांकडून माहिती गोळा करून चलनातल्या सॉव्हरिन किती झिजल्या आहेत याचा हिशेब मांडला. पूर्ण वजन १२३.२७४ ग्रेन (हे जुने इंग्रजी वजनमाप), १२२.५ ग्रेनच्या खाली गेले की नाणे कायद्याने हलके. म्हणजे मुभा होती फक्त पन्नास मिलिग्रॅमची, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी. त्याचा निष्कर्ष असा की एक सॉव्हरिन सरासरी अठरा वर्षांत ही मर्यादा ओलांडते. १८७० च्या कायद्याने तर असे हलके नाणे ज्याच्या हाती येईल त्याने ते कापून किंवा मोडून टाकावे अशी तरतूद होती. पुढे १८९१ मध्ये व्हिक्टोरियाच्या आधीची सगळी सोन्याची नाणी चलनातून रद्द झाली आणि गोळा होऊन वितळली. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या जॉर्जच्या सॉव्हरिन आज चांगल्या स्थितीत मिळणे इतके कठीण आहे. ज्या फिरल्या त्या झिजल्या, आणि ज्या झिजल्या त्यांतल्या बहुतेक भट्टीत गेल्या.

मग चौसष्ट-पासष्ट अंकांची जुनी नाणी येतात कुठून? बऱ्याचशी बँकांच्या तळघरांतल्या पिशव्यांमधून, जिथे ती एकमेकांवर आपटून त्यांच्या गालांवर बारीक खोचे पडतात, पण झीज होत नाही. काही समुद्रातून आली. १८८२ साली स्पेनच्या फिनिस्टेर टोकापाशी डूरो नावाची आगबोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. तिच्यातल्या सुमारे अठ्ठावीस हजार सॉव्हरिन १९९५ मध्ये वर निघाल्या. सोन्याला खाऱ्या पाण्याने काही होत नाही, आणि त्या पेट्यांत बांधलेल्या असल्याने वाळूचेही घर्षण झाले नव्हते. आणखी एक बोट आपल्याला जवळची आहे. २० मे १९२२ रोजी, लंडनहून मुंबईकडे निघालेली ईजिप्त नावाची आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर दाट धुक्यात एका फ्रेंच बोटीशी टक्कर होऊन वीस मिनिटांत बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. तिच्या कोठारात सोन्या-चांदीच्या विटा होत्या आणि दीड लाखाहून अधिक सॉव्हरिन. इटालियन गोताखोरांनी चारशे फूट खोल पाण्यातून ते सोने १९३२ पासून पुढे बाहेर काढले. मुंबईच्या सराफांपर्यंत, आणि तिथून कदाचित आमच्यासारख्यांच्या घरांपर्यंत आल्या असत्या अशा त्या गिन्या होत्या. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि एक पियानो. २०१६ साली श्रॉपशरमध्ये एक जुना ब्रॉडवुड पियानो दुरुस्त करताना त्याच्या पट्ट्यांखाली कापडात बांधलेल्या सात पुरचुंड्या आणि चामड्याची एक थैली सापडली. आत ९१३ सोन्याची नाणी, सॉव्हरिन आणि अर्ध्या सॉव्हरिन, सर्वांत जुने १८४७ चे आणि सर्वांत नवे १९१५ चे. पियानो १९०६ मध्ये बनलेला. ती कोणी ठेवली याचा पत्ता चौकशीत लागला नाही. ही बातमी वाचली तेव्हा मला आजीचे कपाट आठवले, आणि नंतर त्या सात पुरचुंड्या. प्रत्येक पुरचुंडी वेगळी बांधायची, म्हणजे पैसे एकदम आलेले नव्हते. थोडे थोडे साठत गेले होते.

मी स्वतः मात्र चौसष्टच्या मागे लागत नाही. माझ्याकडे आज एकतीस नाणी आहेत, आणि त्यांतली बहुतेक पंचेचाळीस ते अठ्ठावन्न यांच्या दरम्यानची. त्यात पैशांचा भाग आहेच, पण मुख्य कारण वेगळे आहे. एयू ५८ हा अंक मला सगळ्यांत सुंदर वाटतो. हे असे नाणे असते की ते काही महिने कोणाच्या तरी व्यवहारात होते, त्याच्या सर्वांत उंच ठिकाणी, घोड्याच्या छातीवर किंवा राणीच्या भुवईवर, एक मंद सपाट ठिपका पडलेला असतो, आणि बाकी सगळी झळाळी शाबूत असते. एमएस ६१ किंवा ६२ अंकांची पुष्कळ नाणी पिशवीतल्या खोचांनी इतकी भरलेली असतात की वापरलेल्या अठ्ठावन्नापुढे ती ओबडधोबड दिसतात. तरीही बाजारात बासष्टची किंमत अधिक. हे मला चुकीचे वाटते, आणि मी ते मेळ्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

अशी एक माझ्या टेबलावर या क्षणी आहे: १८६९ ची, काट्याच्या बाजूला घोडेस्वार नाही, तर राजचिन्हांची ढाल आणि तिच्याभोवती पानांचे कडे. हे ढालीचे रूप १८२५ पासून जवळजवळ पन्नास वर्षे चालले. कड्याच्या खाली, दोन्ही फांद्या जिथे बांधल्या आहेत त्याच्या जरा खाली, एक इवलासा अंक आहे, ४१. १८६३ ते १८७४ या काळात लंडनच्या टांकसाळीने ठशांवर क्रमांक कोरायला सुरुवात केली होती, म्हणजे कोणता ठसा किती नाणी पाडून झिजतो आणि कोणाच्या हातून खराब काम होते हे कळावे. दहापट भिंगातून पाहिले तर चाराच्या आडव्या रेघेचे टोक किंचित वर उचललेले दिसते. क्रमांक हाताने ठोकून घातला जाई, आणि त्या दिवशी त्या माणसाचा हात एवढासा हलला. दुसऱ्या बाजूला विल्यम वायनने कोरलेली तरुण व्हिक्टोरिया, केसांत दोन फिती, मानेच्या छेदावर कोरक्याची आद्याक्षरे. वरच्या फितीच्या कडेवर झिजेचा ठिपका आहे, मोहरीएवढा. खालच्या फितीतला प्रत्येक पदर सुटा दिसतो. नाणे तिरपे केले की उजेडाचे पट्टे राणीच्या चेहऱ्याभोवती फिरतात, आणि फितीवरच्या त्या ठिपक्यापाशी आले की क्षणभर विझून पुढे जातात.

पेटीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही मी किंमत मोजून शिकले. श्रेणी हे शेवटी तीन-चार तज्ज्ञांचे मत असते. लोक पेटी फोडून तेच नाणे पुनःपुन्हा पाठवतात आणि एखादा अंक वाढवून घेतात. त्यामुळे एकेका श्रेणीत किती नाणी आहेत याचे आकडे फुगतात. उच्च अंक म्हणजे दुर्मीळ नाणे, असेही नसते. १९२५ साल असलेल्या लंडनच्या सॉव्हरिन प्रचंड संख्येने चौसष्ट-पासष्टच्या मिळतात, याचे साधे कारण असे की त्यांतल्या बऱ्याच १९४९ ते १९५२ दरम्यान जुन्याच सालाने पाडल्या गेल्या आणि कोणाच्या खिशात गेल्याच नाहीत. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका विक्रेत्याने मला यांतलीच एक ‘दोन युद्धांमधले दुर्मीळ नाणे’ म्हणून चढ्या भावाने विकली. ती पेटी, तो अंक, सगळे खरे होते. फक्त मला सालाचा इतिहास ठाऊक नव्हता. आणि मग बनावट नाणी आहेत, जी सोन्याचीच असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला सोन्याच्या भावाहून अधिक मोल येऊ लागले, तेव्हा इटली आणि लेबनॉनमध्ये खऱ्या सोन्यातच खोट्या सॉव्हरिन पाडल्या गेल्या. त्यांना आळा घालणे हेही शाही टांकसाळीने १९५७ मध्ये पुन्हा सॉव्हरिन पाडायला घेण्यामागचे एक कारण होते.

पण मला सर्वाधिक राग येतो तो कडी काढून टाकणाऱ्यांचा. दागिन्यात घातलेल्या नाण्याची कडी कापायची, डागाची, म्हणजे कडी जोडल्याची, जागा कानशीने सपाट करायची, कडेवरचे गेलेले दाते पुन्हा कोरायचे आणि नाणे कधी माळेत नव्हतेच असे भासवून विकायचे, हा उद्योग जुना आहे. भिंगाखाली ते लपत नाही: राजाच्या डोक्यावर, बाराच्या काट्याच्या जागी, कडेच्या दात्यांचे अंतर बदलते आणि तिथला रंग डागाच्या सोन्यामुळे जरा फिका असतो. श्रेणी देणारे अशा नाण्याला ‘डिटेल्स’ म्हणतात आणि कारण लिहितात. मला वाटते, त्यांनी ते आणखी मोठ्या अक्षरांत लिहावे. कडी असलेले नाणे सरळपणे आपला इतिहास सांगत असते. कानशीने घासलेले नाणे खोटे बोलते.

गेल्या वर्षी कोल्हापूरला गेले तेव्हा मावशीने माळ बाहेर काढली. आजीच्या गिन्या तिच्याकडे गेल्या आहेत: नऊ गिन्या, मध्ये सोन्याचे मणी, मागे रेशमी गोंडा. मी माझे भिंग घेऊन गेले होते. मावशीने आधी विचारले की मी ती मोडून एकेक विकायला सांगणार आहे का. मी नाही म्हटल्यावर तिने पदराने पुसून माळ माझ्या पुढ्यात ठेवली आणि मी चटकन तिचा हात धरला, पुसू नकोस म्हणून. तशीही ती नाणी आता शंभर वर्षांहून जुनी आहेत, आणि १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार ती देशाबाहेर नेता येत नाहीत. माझी गिनी मी नेली तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती.

नऊपैकी पाच पाचव्या जॉर्जच्या निघाल्या, त्यांतल्या दोन मुंबईच्या, आय असलेल्या. दोन एडवर्डच्या, एक बुरखा घेतलेल्या म्हाताऱ्या व्हिक्टोरियाची. सगळ्यांची घोड्याची बाजू पुढे, आणि मागची बाजू, जी जन्मभर गळ्यावर आणि पोलक्यावर घासली, ती इतकी गुळगुळीत की राजाची दाढी बोटाला लागत नाही. नववी, अगदी गोंड्याजवळची, १८८४ ची आहे, राणीच्या मानेखाली एम, म्हणजे मेलबर्नची. तिथे मी थबकले. १८८७ च्या आधीच्या सॉव्हरिनमध्ये दोन बाजू एकमेकींना उलट्या असतात. राणी सरळ धरून नाणे वरून खाली पलटले तरच घोडा सरळ दिसतो, आणि बाजूने पलटले तर तो पालथा. १८८७ पासून दोन्ही बाजू एकाच दिशेने आल्या. म्हणजे बाकीच्या आठ नाण्यांना कडी लावताना सोनाराला विचार करावा लागला नव्हता. या नवव्याला मात्र त्याला ठरवावे लागले असणार की वर कोणाचे डोके ठेवायचे.

त्याने घोडेस्वार सरळ ठेवला. मी माळ उलटी केली. मागे तरुण व्हिक्टोरिया खाली डोके, वर मान अशी लटकत होती, आणि तिच्या नाकाचा शेंडा बाकी चेहऱ्याच्या आधी झिजून गेला होता. मावशी म्हणाली, ‘ही तर उलटी आहे की!’ आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ती हातात घेऊन उजेडात धरली.